सिस्टरांचा हात बसला

रेडिओचा व्हॉल्व्ह फुटला नाही, हे आधी सांगायला हवं. फुटला असता तर आवाज झाला असता, काचा गोळा कराव्या लागल्या असत्या, आणि नकाशेवाल्यांना काहीतरी बोलणं भाग पडलं असतं. तो नुसता त्यांच्या बोटांतून निसटला, टेबलाच्या कडेला टेकला आणि खाली पायपुसण्यावर जाऊन पडला. नकाशेवाल्यांनी तो उचलला, खिडकीच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिला आणि त्याच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून कपाटात ठेवून दिला. दारात चहा घेऊन बायको उभी होती, ते त्यांना दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले तेव्हा बायकोनं, म्हणजे सिस्टरांनी, कपाट उघडून ते खोकं काढलं. व्हॉल्व्हच्या डोक्याशी काचेला आतून आरशासारखा मुलामा असतो. तो पांढराफटक पडला होता. कुठेतरी नखाएवढा तडा गेला असणार आणि तिथून हवा आत शिरली असणार. सिस्टरांना हा रंग ओळखीचा होता. पिकलेला मोतीबिंदू असाच दिसतो. त्यांनी खोकं होतं तसं ठेवलं आणि नवरा कधी सांगतो याची वाट पाहत राहिल्या. बऱ्याच दिवसांनी एकदा जेवताना नकाशेवाले म्हणाले, की तो व्हॉल्व्ह देणाऱ्यानं फसवलं, आला तेव्हाच गेलेला होता. सिस्टर "असेल" म्हणाल्या आणि त्यांनी वाढायला डाव उचलला.

गल्लीत त्यांना सगळेच सिस्टर म्हणत. डोळ्यांच्या इस्पितळात शस्त्रक्रियेच्या खोलीत त्या उभी हयात उभ्या राहिल्या होत्या. डॉक्टरांनी न बघता हात पुढे करावा आणि त्यात हवं तेच हत्यार पडावं, हे त्यांचं काम. डॉक्टरांना तोंडानं मागावं लागलं तर त्या दिवशी सिस्टरांना जेवण गोड लागत नसे. निवृत्त झाल्या तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. दूधवाला सिस्टर म्हणे, वरच्या मजल्यावरचे वकील सिस्टर म्हणत, लेकीची सासूदेखील फोनवर सिस्टर म्हणे. पंचाईत एकट्या नवऱ्याची. "सगळ्या जगाची बहीण नेमकी माझ्या पदरात पडली," असं ते लग्न झाल्यावर चारचौघांत म्हणत, आणि विनोदाचे केस पांढरे झाले तरी म्हणत राहिले.

ते स्वतः भूमापनाच्या कचेरीत नकाशे काढायचे. शाईच्या पेननं काढलेली त्यांची रेघ भिंगाखाली धरली तरी कुठे जाड-बारीक दिसायची नाही. नदीची वळणं कुणी काढलीत हे सही न बघता कळायचं. पुढे कचेरीत यंत्रं आली, रेघा यंत्रं ओढू लागली, आणि नकाशेवाले आपले हात घेऊन घरी आले. ते हात त्यांनी मागच्या खोलीत जुन्या रेडिओंना लावले. रेडिओ म्हणजे खिशात मावणारे नव्हेत. लाकडी पेटीचे, दोन माणसांनी उचलायचे, आत काचेचे व्हॉल्व्ह असलेले. बटण फिरवल्यावर लगेच बोलत नाहीत. व्हॉल्व्ह आधी तापतात, आत नारिंगी होतात, मग लांबून कुणी जिना चढून यावं तसा आवाज येतो. असे मुके झालेले सेट नकाशेवाले कुठून कुठून आणत आणि बोलते करत. ते विकायचे नाहीत, मिरवायचेही नाहीत. झाला दुरुस्त की ज्याचा त्याला परत, नाहीतर फळीवर. सिस्टरांना त्यातलं काही कळत नसे. खोलीतून तापलेल्या धुळीचा आणि राळेचा वास येतो आहे, म्हणजे नवरा सुखात आहे, एवढं कळे.

हातांचं मात्र त्यांना व्हॉल्व्ह पडायच्या कितीतरी आधी कळलं होतं. नकाशेवाले चहा अर्धाच कप मागू लागले होते. शर्टाची बटणं लावायला त्यांना आरसा लागेनासा झाला होता, कारण ते पाठ फिरवून लावत. सही करायची वेळ आली की चष्मा सापडत नसे. रोग्यानं तोंड उघडायच्या आधी आपण रोगाचं नाव घ्यायचं नाही, ही इस्पितळातली सवय, म्हणून सिस्टर गप्प होत्या. शेवटी डॉक्टरांनीच नाव घेतलं. कंपवात. गोळ्या लिहून दिल्या, चालायला सांगितलं, घाबरायचं कारण नाही म्हणाले. घरी आल्यावर नकाशेवाल्यांनी मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली इतर किल्ल्यांच्या शेजारी खुंटीला अडकवली.

आणि मग ते स्वयंपाकघरात येऊन बसू लागले.

रिकामा माणूस घरात असणं वेगळं आणि स्वयंपाकघरात असणं वेगळं. नकाशेवाले गॅस बारीक करायला सांगत. भाजी एका मापाची चिरली जात नाही, हे दाखवून देत. डबे उंचीप्रमाणे लावावेत अशी त्यांची सूचना होती, आणि एकदा सिस्टर बाहेर गेल्या असताना त्यांनी ते लावलेही. मग आठवडाभर कुणालाच साखर सापडेना. सिस्टरांनी पुष्कळ सोसलं. सोसायची त्यांना सवय होती. एक दिवस मात्र ते म्हणाले, मीठ जरा लवकर पडलं. सिस्टरांनी हात धुतले, पुसले, खुंटीवरची किल्ली काढली.

"अहो, सांगायचंच असेल तर ज्यातलं कळतं त्यातलं सांगा. चला मागच्या खोलीत. तुम्ही सांगा, मी करते."

"तुला काय येतं त्यातलं?"

"मिठातलं तुम्हाला तरी काय येतं?"

तेव्हा यात प्रेमाबिमाचा भाग किती होता कुणास ठाऊक; स्वयंपाकघर मोकळं व्हावं, हा मोठा होता.

नकाशेवाले मास्तर म्हणून कडक निघाले. पहिले कित्येक दिवस त्यांनी सिस्टरांना नुसतं बघायला लावलं. सेट बंद केला म्हणजे मेला असं समजायचं नाही, आतल्या कंडेन्सरमध्ये वीज दबा धरून बसते, ती आधी उतरवायची. चालू सेटमध्ये काही तपासायचं तर एकाच हातानं. दुसरा हात खिशात, म्हणजे झटका बसलाच तर छातीतून आरपार जाणार नाही. सिस्टरांनी इस्पितळातला जुना अॅप्रन काढला. त्याला खिसा होता. मग डाग द्यायचं शिक्षण सुरू झालं. तापलेल्या टोकानं आधी तार तापवायची, मग त्यावर कथील सोडायचं. कथील वितळून आपण होऊन पसरलं पाहिजे. सिस्टरांचे पहिले डाग पाहून नकाशेवाले म्हणाले, या शेळीच्या लेंड्या आहेत. सिस्टरांनी त्या सगळ्या काढल्या आणि पुन्हा दिल्या. पुन्हा लेंड्या. असं बरेच दिवस चाललं. एका सकाळी एक डाग चकचकीत, बसका, तारेला धरून बसलेला निघाला. नकाशेवाल्यांनी त्यावर भिंग धरलं, भिंग हलत होतं म्हणून टेबलावर टेकवलं, आणि पुढची तार त्यांच्यापुढे सरकवली. सिस्टर समजल्या.

त्यानंतर हात बसत गेला. स्टेशनचा काटा सरकवणारी दोरी असते, ती तुटली की भल्याभल्यांना रडवते. चार चाकांवरून घ्यायची, ताण धरायचा आणि गाठ मारायची. ती गाठ नकाशेवाल्यांना कधी मनासारखी जमली नव्हती. सिस्टरांनी डॉक्टरांना टाके घालताना हजारदा बघितलेली गाठ मारली, दोनदा फिरवून, आणि दोरी सुटली नाही. कंडेन्सर बदलण्यावरून मात्र दोघांचं वाजलं. नकाशेवाल्यांच्या मते जुन्या कंडेन्सरचं कवच पोखरून नवा त्याच्या आत बसवायचा, म्हणजे सेट आतून होता तसा दिसतो. सिस्टर म्हणाल्या, पेटीच्या आत डोकावून बघणार कोण? उंदीर? शेवटी सिस्टरांनी पोखरलं, कारण सेट नवऱ्याचा होता.

हत्यारं द्यायचं काम आता नकाशेवाल्यांकडे होतं. त्यांचा हात थरथरत पुढे येई आणि सिस्टर न बघता त्यातून चिमटा उचलत. थरथर कशी जाते-येते हे त्यांच्या बोटांना पाठ झालं होतं. पण नकाशेवाले उशिरा देत, कधी भलतंच देत, आणि देताना काय करायचं ते पुन्हा सांगत. एकदा तापलेलं टोक हातात आणि कथील मिळेना, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "लक्ष कुठे आहे?" आवाज थेट त्यांच्या मोठ्या डॉक्टरांचा निघाला. नकाशेवाल्यांनी मुकाट्यानं कथील दिलं. नंतर कप विसळताना सिस्टरांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटण्याच्या जरा खाली बरंही वाटलं. ते त्यांनी स्वतःपासून लपवलं नाही.

रविवारी जहाजवाले येत. ते पूर्वी बोटीवर बिनतारी संदेशांच्या खोलीत होते, आता जुन्या रेडिओंच्या नादी लागलेल्या मंडळींचे पुढारी. नकाशेवाल्यांशी त्यांचं अरेतुरेचं नातं, सिस्टर त्यांच्या वहिनी. कानात बोटीची इंजिनं कायमची राहिली असं ते म्हणत, तरी रेडिओतली घरघर त्यांना शेजारच्या घरातून ऐकू येई. ते आले, फळीवरचा नवा झालेला सेट त्यांनी उचलला, उलटा केला आणि पोटाखालचं काम बराच वेळ बघत राहिले.

"नकाशे," ते म्हणाले, "हात अजून तसाच आहे रे तुझा. उलट सुधारलाय."

नकाशेवाल्यांचे दोन्ही हात मांडीवरच्या वर्तमानपत्राखाली होते. ते म्हणाले, "चाललंय."

सिस्टर चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे ठेवला. जहाजवाल्यांना साखर किती, हे ठाऊक असूनही विचारलं.

पुढच्या वेळी हेच झालं आणि त्याच्या पुढच्या वेळीही. जहाजवाले मनापासून कौतुक करत आणि नकाशेवाले ते वर्तमानपत्राखाली घेत. सिस्टरांनी विचार करून पाहिला की आपल्याला नेमकं काय बोचतं आहे. इस्पितळातही रोगी डॉक्टरांचेच पाय धरत, सिस्टरांकडे कुणी वळूनही पाहत नसे, आणि त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. कारण तिथे डोळ्याला सुरी डॉक्टरांनी लावलेली असे. इथे सुरी त्यांची होती. दोष शोधणं नवऱ्याचं, हे खरं. सेटचा खोकला ऐकून ते कुठे दुखतं हे सांगत, आणि तसं सांगणं सिस्टरांना जन्मात जमणार नव्हतं. पण जहाजवाले कौतुक करत ते हाताचं. पाहुणा मुक्कामाला यावा तशी ती गोष्ट त्यांच्या घरात राहू लागली. तिला वगळून दोघं बोलत, जेवत, काम करत.

त्या मंडळींचा वर्षातून एकदा मेळावा भरे, वाचनालयाच्या सभागृहात. सगळे आपापले सेट मांडत, चहा पीत, एकमेकांच्या सेटना नावं ठेवत. मेळाव्याचा मुख्य कार्यक्रम म्हणजे कुठलातरी ठार बंद सेट टेबलावर ठेवायचा आणि एकानं सगळ्यांसमोर तो जिवंत करायचा. जहाजवाले एका रविवारी म्हणाले, की यंदा टेबलावर नकाशे बसणार, मी सगळ्यांना सांगून टाकलंय. नकाशेवाले म्हणाले, "बघू." त्या घरात 'बघू' याचा अर्थ हो असा होता.

जहाजवाले गेल्यावर नकाशेवाले ओट्यापाशी आले. मनात सगळं जुळवून आले होते.

"तू शेजारी उभी राहा. बोलायचं काम मी करीन, दोष मी शोधीन. डाग द्यायची वेळ आली की मी म्हणेन, जरा हिला करू दे, हिलाही हौस आहे. कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही."

सिस्टरांनी नळ बंद केला.

"मी येणार नाही."

"का?"

"शेजारी उभं राहायची माझी नोकरी होती. ती संपली. निरोप झाला, भिंतीवरचं घड्याळ मिळालं."

"मग मी काय करायचं?"

"ते तुम्ही ठरवा."

त्यानंतरचे दिवस फार सभ्यतेत गेले. चहा वेळेवर मिळे, गोळ्या वेळेवर मिळत, मागची खोली उघडी असे पण सिस्टर तिकडे फिरकत नसत. लेकीचा फोन आला तेव्हा आवाजावरून तिला शंका आली. सिस्टर म्हणाल्या सगळं ठीक आहे, बाबा अभ्यास करताहेत. ते खोटं नव्हतं. दार लोटून नकाशेवाले आत बसत आणि हत्यारं खाली पडल्याचे आवाज येत. पडलं की थोडा वेळ काहीच ऐकू येत नसे, मग पुन्हा सुरू. सिस्टर बाहेर कपडे इस्त्री करत. आत जावं असं त्यांना प्रत्येक आवाजाला वाटे, आणि प्रत्येक वेळी त्या एक घडी जास्त घालत.

मेळाव्याच्या दिवशी नकाशेवाल्यांनी दाढी स्वतः केली आणि हनुवटीवर कापून घेतलं. सिस्टरांनी पट्टी लावली, कोटाची बटणं लावून दिली. हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून ते दारात घुटमळले. सिस्टरांच्या मनात आलं, म्हणावं थांबा, चप्पल घालते. त्या म्हणाल्या, "एक हात खिशात ठेवा." नकाशेवाल्यांनी मान हलवली आणि कठडा धरून जिना उतरले.

सिस्टरांनी त्या सकाळी काय केलं ते सांगण्यासारखं नाही, कारण त्यांनी काहीच केलं नाही. मागच्या खोलीत जाऊन खुर्चीवर बसल्या. टेबलाच्या आसपास फरशीवर स्क्रू सांडले होते, ते वेचून त्यांनी डबीत भरले. चालू सेटच्या पोटात वीज कुठे कुठे असते, हे आता त्यांना नको तितकं ठाऊक झालं होतं. कधी नव्हे ती अज्ञानाची किंमत त्यांना कळली.

नकाशेवाले अपेक्षेपेक्षा लवकर परतले. मागोमाग टॅक्सीवाला एक भला मोठा सेट छातीशी धरून धापा टाकत वर आला. सेट टेबलावर ठेवला गेला. सिस्टरांनी आधी नवऱ्याचे हात पाहिले. भाजल्याच्या खुणा नव्हत्या.

"आवाज नाही याला," नकाशेवाले म्हणाले. "आउटपुटचा ट्रान्सफॉर्मर तुटलाय आतून. कुणाकडे दुसरा नाही."

"आणि मेळावा?"

"झाला की. जेवायला काय आहे?"

सिस्टरांनी वाढलं. नकाशेवाले भरपूर जेवले आणि झोपले. विचारून बाहेर काढायचं तर सिस्टर ते दोन मिनिटांत काढू शकल्या असत्या. घाबरलेल्या रोग्यांशी बोलण्यातच त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी विचारलं नाही.

रविवारी जहाजवाले आले ते नेहमीसारखे नकाशेवाल्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसले नाहीत. पिशवीतून त्यांनी पेटीतून सोडवलेला एक छोटा सेट काढला, हातात धरून क्षणभर इकडे तिकडे पाहिलं आणि तो सिस्टरांच्या पुढ्यात ठेवला.

"वहिनी, याची घरघर जात नाही. जमलं तर बघा."

सिस्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं. नकाशेवाले खिडकीबाहेर बघत होते, आणि मग गोळी घ्यायची आठवण झाली म्हणून आत गेले. गोळीची वेळ नव्हती. ते आत गेल्यावर जहाजवाल्यांनी आवाज उतरवून सांगितलं.

सेट टेबलावर होता, सगळे गोल करून उभे होते. नकाशेवाल्यांनी हत्यारं मांडली. मग कोटाच्या खिशातून दोन्ही हात काढले आणि टेबलावर पालथे ठेवले. शेजारचा स्क्रूड्रायव्हर खडखडायला लागला. तो खडखडाट सगळ्यांना ऐकू जाईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, "हे बघून घ्या. वर्षभर ज्या कामाची तुम्ही तारीफ करताय ते या हातांचं नाही. ते हात घरी आहेत. आज ते आले नाहीत, कारण मी त्यांना नीट बोलावलं नाही."

"मग?" सिस्टरांनी विचारलं.

"मग काय. कुणाला कुठे बघावं कळेना. एकानं खोकून घेतलं. आणि नकाशे म्हणाला, कुणीतरी मीटर धरा, मी सांगतो तिथे लावा. सेटला बोट न लावता त्यानं दोष शोधून दिला." जहाजवाल्यांनी चहा संपवला. "मी रागावलोय त्याच्यावर, हे सांगून ठेवतो. वर्षभर मला उल्लू बनवलं. पण मलाही कळायला पाहिजे होतं. त्या दोरीची गाठ. असली गाठ नकाशेच्या बापजन्मात झाली नव्हती."

अशी वेळ आली तर आपल्याला कसं वाटेल, हे सिस्टरांनी मनात अनेकदा घोळवून पाहिलं होतं. प्रत्यक्षात तसं काही वाटलं नाही. डोळ्यांपुढे तो खडखडणारा स्क्रूड्रायव्हर आला, आणि वाटलं, आपण जायला हवं होतं. मग वाटलं, आपण गेलो असतो तर हे झालंच नसतं. दोन्ही खरं होतं. दोन्हीतलं एक निवडायची काही गरज नाही असं ठरवून त्यांनी जहाजवाल्यांचा सेट उलटा केला आणि आत पाहिलं. नकाशेवाले बाहेर आले तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, हे बघा जरा. हा जाड कंडेन्सर फुगलाय का, की असाच असतो?"

"फुगलाय," नकाशेवाले म्हणाले आणि खुर्ची ओढून घेतली.

मेळाव्यातला मोठा सेट त्यानंतर हाती घेतला. ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडाच्या पत्र्यांमध्ये बसवलेलं तारेचं रीळ. तार केसाहून बारीक, हजारो वेढे. तुटलेली जागा अगदी आत असेल तर सगळं उलगडून नवी तार गुंडाळायची, दुसरा इलाज नाही. नकाशेवाले म्हणाले, वरच्या थरांत असू शकेल, दमट हवेनं आधी वरचं खाल्लं जातं. काम सुरू करण्याआधी सिस्टरांनी एक बदल केला. जेवणाचा स्टीलचा ट्रे आणला, त्यावर स्वच्छ फडकं पसरलं आणि हत्यारं वापरायच्या क्रमानं ओळीत मांडली. आता हातात द्यायला कुणी नको. तुम्ही फक्त पुढचं बोला, त्या म्हणाल्या. नकाशेवाल्यांनी ट्रेकडे पाहिलं. आपल्याला बडतर्फ केलं की बढती दिली, हे त्यांना ठरवता येईना. पण हात मांडीवर ठेवून बोलणं त्यांना सोपं गेलं, आणि थोड्या वेळानं ते हातांना विसरले.

वरचा कागद सिस्टरांनी ओला करून सोलला. खाली कागद, त्याखाली तार, पुन्हा कागद. नकाशेवाल्यांचं नकाशाचं भिंग त्यांनी पट्टीला बांधून उभं केलं होतं. तिसऱ्या थराखाली एक हिरवा ठिपका दिसला, मोहरीच्या दाण्याहून लहान.

"थांब," नकाशेवाले म्हणाले. "तिथेच असेल."

तार तिथेच तुटली होती. ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना तारेची दोन टोकं. त्यावरचा लाखेचा लेप खरवडायचा, तार न तोडता. डॉक्टर बुबुळाच्या कडेला जसा श्वास धरत तसा सिस्टरांनी धरला. नकाशेवाल्यांनीही धरला असावा, कारण खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. टोकं जोडली, डाग दिला, कागदाची चिंधी घातली. मीटर लावला. काटा हलला आणि हवा तिथे जाऊन थांबला. नकाशेवाल्यांनी त्यावर नजर ठेवून सांगितलं की ठीक आहे, आणि पाणी मागितलं.

संध्याकाळी, दिवेलागणीला, त्यांनी सेट लावला. काही चुकलं असलं तर सगळा भार अंगावर घेणारा बल्ब मध्ये जोडला होता. तो भक्कन पेटला आणि मग मंद झाला, म्हणजे आत आग नव्हती. व्हॉल्व्ह नारिंगी झाले. बऱ्याच वेळानं खरखर आली. नकाशेवाल्यांनी काटा फिरवायचं काम स्वतःकडे घेतलं; ते काम थरथरत्या हातालाही जमतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत काटा गेला. काचेवर छापलेल्या गावांची नावं एकामागून एक मागे पडली आणि कुठेच कुणी बोललं नाही. ती स्टेशनं केव्हाच बंद पडली होती.

"आहे ना चालू?" सिस्टरांनी विचारलं.

"चालू आहे. बोलायला कुणी नको का?"

परत येताना मध्येच काहीतरी लागलं. नकाशेवाल्यांचा हात हलला, ते गेलं, पुन्हा आलं. कुणी बाई बोलत होती, फार लांबून, न कळणाऱ्या भाषेत, एकसुरी, मध्ये मध्ये थांबून. दोघं ऐकत राहिले.

"हवामान सांगतेय," नकाशेवाले म्हणाले. "थांबते बघ कशी. प्रत्येक गावाचं वेगळं."

"छे. गोष्ट सांगतेय. मुलांची."

"इतक्या रुक्ष आवाजात?"

"दमली असेल दिवसभराची," सिस्टर म्हणाल्या. "हात काढा तो. गेलं बघा."

नकाशेवाल्यांनी हात काढला. सिस्टरांनी काटा केसभर मागे घेतला आणि बाई पुन्हा बोलू लागली.